ऐकून वाचता येतं का?

"थांब, पुढे जाऊ नकोस. ऐकू दे मला," दादा म्हणाला आणि त्यानं मान स्पीकरकडे कलती केली.

कॉम्प्युटरमधला आवाज भराभर वाचत होता. परक्या माणसाला त्यातलं अक्षरही कळलं नसतं, इतका वेग. दादाला कळत होतं. आठ वर्षांपूर्वी डोळे पुरते गेले, तेव्हापासून स्क्रीनवरचं सगळं तो असंच कानानं वाचायचा.

"हे दुसरं टूल झकास आहे," तो म्हणाला. "मथळा, मजकूर, उदाहरण, सगळं ओळीनं सांगतं. तिसरं मात्र काही खरं नाही. चेंजलॉगच्या पानावर गेलं की त्याची दातखीळच बसते."

"दिसायला पण तेच देखणं आहे रे," शेजारी बसलेली धाकटी बहीण म्हणाली.

"मग स्थळं बघा त्याला," दादा म्हणाला, आणि दोघंही हसत सुटली.

धाकटीनं वहीत टिपून घेतलं. सेहेचाळिसाव्या वर्षीही ती त्याची धाकटीच होती. एका छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेचा कारभार बघणाऱ्या संस्थेत ती माहितीची पानं लिहायची. भाषा फुकट, सगळ्यांना खुली. ठिकठिकाणची माणसं हौसेनं तिच्यात भर घालायची. दादा त्यांतलाच एक, अगदी जुना. प्रत्येक आवृत्तीत काय नवं आलं, काय बदललं, काय काढलं याची नोंद म्हणजे चेंजलॉग. तो त्यानं अकरा वर्षं एकट्यानं लिहिला होता. संसार मोडून धाकटी परत आली, तेव्हा दोन महिने रोज शेजारी बसवून त्यानंच तिला हे काम शिकवलं. "वाक्य लहान ठेव," तो सांगायचा. "वाचणारा काहीतरी अडलं म्हणून आलाय. त्याला आणखी अडवू नकोस."

डोळे गेले तसं चेंजलॉग लिहिणं सुटलं, वाचणं मात्र नाही. नवी आवृत्ती आली की सकाळीच तो चेंजलॉग वाचून काढायचा, धाकटीला फोन करायचा आणि मग दिवसभर नवशिक्यांच्या शंकांना उत्तरं देत बसायचा. उत्तर देणाऱ्याला दिसत नाही, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. त्याला त्याची फार गंमत वाटायची.

ही माहितीची पानं वेबसाइटवर मांडणारं संस्थेचं जुनं टूल आता कुणी सांभाळत नव्हतं, म्हणून नवं निवडायचं होतं. धाकटीनं पंधरा दिवस खपून तिन्ही टूलांचा तक्ता केला. शेवटचा रकाना होता, 'ऐकून वाचता येतं का?' तिसऱ्यापुढे तिनं 'नाही' लिहिलं.

"ताई, तिसरंच हवंय सगळ्यांना," तक्ता बघून संस्थेचे प्रमुख म्हणाले. "या रकान्यावरून उगाच फाटे फुटतील. असे वाचणारे असून असून किती असणार?"

"एक तरी आहेच, सर."

"मग पुढच्या खेपेला करू की दुरुस्त. तूर्त काढून टाका. आणि हो, तुमचं कंत्राट या महिन्यात नव्यानं व्हायचंय ना? मी बघतोय ते."

ते दमात घेत नव्हते. उलट फार आपुलकीनं बोलत होते. धाकटी जागेवर येऊन बसली, पाणी प्यायली. मग तिनं तो रकाना काढला. उरलेले रकाने सरकून बसले आणि तक्ता आधीपेक्षा नीटस दिसू लागला.

दादाला आज सांगू, उद्या सांगू करता करता महिना उलटला.

नव्या टूलवरची पानं सुरू झाली त्या दिवशी त्याचा फोन आला नाही. संध्याकाळी तीच त्याच्या घरी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. दादा टेबलाशी बसून एकच कळ दाबत होता आणि तो भरधाव आवाज म्हणत होता, "बटण. बटण. बटण. बटण."

"ये," दादा म्हणाला. "सकाळपासून शोधतोय. पुढे कुठेतरी मजकूर असेल."

"नाहीये, दादा."

त्याचं बोट थांबलं. "तू लिहिलं होतंस ना त्यांना?"

"लिहिलं होतं. मग काढून टाकलं."

"त्यांनी?"

"मी. माझ्याच हातानं."

त्यानं ओरडावं, काहीतरी टाकून बोलावं, असं तिला वाटत होतं. तो नुसता टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"माझी जुनी पानं?" त्यानं विचारलं.

"तीही नव्यातच घातली."

"अकरा वर्षांची?"

"हो."

तिनं घाईघाईनं खुर्ची ओढली. "मी वाचून दाखवते ना. रोज येत जाईन." आणि त्याचं उत्तर यायच्या आत तिनं नव्या आवृत्तीचा चेंजलॉग मोठ्यानं वाचायला घेतला. चार ओळी झाल्या असतील नसतील, त्यानं हात वर केला.

"पुरे गं. छान वाचतेस," तो म्हणाला. "पण मला ऐकायचं नव्हतं. वाचायचं होतं."

"उद्या बोलते मी सरांशी."

"बोल हं," दादा म्हणाला. लहानपणी तिच्या थापा ऐकून घ्यायचा, तसाच.

ती निघाली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. भिंतीला हात लावत तो दारापर्यंत आला, पलीकडे चाचपून त्यानं जिन्यातल्या दिव्याचं बटण दाबलं.

"लागला ना? जपून उतर."

दिवा गेलेला होता.

"लागला," धाकटी म्हणाली. कठडा धरून ती एकेक पायरी पायानं शोधत उतरू लागली. तिची पावलं खाली पोचेपर्यंत तो दारातच उभा होता.