थरांमधले उपरे

आई त्या धातूला आपली सवत म्हणते. बाबा निवृत्त झाले तेव्हा तिला वाटलं, आता तरी ब्याद टळली. पण मी बाबांच्याच प्रयोगशाळेत चिकटले, त्याच धातूचे स्फटिक भट्टीत वाढवू लागले आणि सवत पुन्हा जेवणाच्या टेबलावर आली.

हा धातू घडी करून रचलेल्या चादरींसारखा असतो. अणूंचा एक थर, मग जराशी फट, मग दुसरा थर. खूप थंड केला की त्याचं लोहचुंबक होतं. का होतं, यावरून भांडण. बाबांनी तरुणपणी मांडलं की थरांमधून मोकाट हिंडणारे इलेक्ट्रॉनच एकी करतात आणि चुंबकत्व उभं राहतं. विरोधक म्हणाले, छे, फटींमध्ये लोखंडाचे थोडे उपरे अणू शिरून बसतात, सगळे उद्योग त्यांचे. उपऱ्यांना बाहेर काढायची सोय नव्हती, तोवर बाबांची झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती सोय नेमकी मी काढली. आयोडीनच्या द्रावणात खडा बुडवून ठेवला की लोखंड हळूहळू बाहेर येतं आणि थर शाबूत राहतात. धुतलेल्या खड्यात चुंबकत्व उरलं तर बाबा बरोबर. नाही उरलं तर त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं पाण्यात, म्हणजे आयोडीनमध्ये.

मोजणीच्या दिवशी मी त्यांना बोलावलं. लग्नाला निघाल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून आले. ‘‘खडा मी ठेवतो,’’ म्हणाले. ठेवा म्हटलं. मी यंत्राच्या पडद्यापाशी बसले, माझ्या पाठीमागे त्यांनी धुतलेल्या खड्याचा टिकलीएवढा तुकडा उचलून नळीत ठेवला. यंत्र थंड झालं आणि पडद्यावर रेघ उमटली. चुंबकत्व होतं, आणि चांगलं ठसठशीत होतं.

मी त्यांना मिठी मारली. विरोधकांची कशी तोंडं उतरतील हे मनात रंगवायलाही लागले. यंत्र आता हळूहळू गरम होत होतं. बाबा मात्र पडद्याला नाक लावून उभे होते.

‘‘ही रेघ उतरत का नाही गं?’’

‘‘उतरेल की. तुम्हाला घाई फार.’’

‘‘आपला धातू खोलीएवढा गरम व्हायच्या कितीतरी आधी चुंबकत्व सोडतो. ही बया ढिम्म हलत नाहीये.’’

मग त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला आणि आपला जुना पोलादी चिमटा बाहेर काढला. ‘‘यानं उचलला मी. सवयीनं.’’

आमच्याकडे प्लास्टिकचाच चिमटा वापरायचा, हा नियम खुद्द बाबांचा. पोलादाचा डोळ्यांना न दिसणारा कण खड्याला लागला तरी यंत्र त्यालाच चुंबक म्हणून मोजतं, आणि पोलाद खोलीएवढं गरम झालं तरी चुंबकत्व सोडत नाही. या चुकीसाठी त्यांनी भल्याभल्यांना सोलून काढलं होतं.

मला रागच आला. चिमट्याचा नाही, त्यांचा. एवढं जिंकलेलं हातातून सोडायची काय गरज होती?

‘‘बाबा, मी तर बघितलंही नव्हतं.’’

‘‘तुझ्या नावानं छापायचंय ते,’’ बाबा म्हणाले. ‘‘दुसरा तुकडा आण.’’

दुसरा तुकडा मी ठेवला, प्लास्टिकच्या चिमट्याने. यंत्र पुन्हा थंड झालं. यावेळी रेघ तळाला झोपली ती उठलीच नाही. धुतलेल्या थरांत चुंबकत्वाचा मागमूस नव्हता. बाबा शेजारच्या स्टुलावर बसले. मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच स्वच्छ टेबल पुसत राहिले.

‘‘लेखात माझं काय करणारेस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तुमचं नाव नाही घालणार. नुसतं ‘पूर्वीचं एक मत’ म्हणेन.’’

‘‘नाव घाल. त्या मतापायी तुझ्या आईची एवढी बोलणी खाल्ली, ते बेवारस कशाला जायला हवं? आणि लवकर लिही. चूक कुणीतरी काढणारच होतं, घरच्या माणसानं काढलेली बरी.’’

आठवड्याभरात मी कच्चा मसुदा त्यांच्यासमोर ठेवला. पहिल्याच परिच्छेदात त्यांचं नाव होतं आणि त्यांचं मत बहुधा चुकीचं असावं, असं पुढे लिहिलं होतं. बाबांनी पेन मागितलं. ‘बहुधा’ खोडलं, ‘असावं’च्या जागी ‘होतं’ लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.