करंजपाड्याला मार्ग नाही

तृप्तीने तिसऱ्यांदा करंजपाडा टाकून बटण दाबलं. पडद्यावर पुन्हा तेच, "मार्ग नाही". तिचं डोकं फिरलं.

करंजपाडा तिचं गाव, पेठपासून अकरा किलोमीटर आत. तिथे तिची वहिनी सविता आठव्या महिन्यात होती, आणि सोमवारपासून बाळंतपणासाठी दवाखान्यात नेणाऱ्या गाड्या याच प्रोग्रामवरून सुटणार होत्या. प्रोग्राम मार्ग नाही म्हणाला की गाडी हलणारच नाही.

तिने कोड उघडला. शोधाची रीत साधी होती. गावातून निघायचं, फाटा आला की एका रस्त्याने पार शेवटपर्यंत जायचं, दवाखाना नाही लागला तर मागे फिरून दुसरा रस्ता धरायचा. मध्ये एक ओळ मात्र नवी होती: रस्ता डांबरी नसेल तर त्यात शिरूच नको. ओळ टीम लीड रविराजची. आणि करंजपाड्यातून बाहेर पडणारा एकुलता एक रस्ता कच्चा! म्हणजे शोध गावाची वेससुद्धा ओलांडत नव्हता.

ती तडक रविराजच्या टेबलाशी गेली.

"अगं, सगळे फाटे धुंडाळायला चाळीस सेकंद लागायचे," तो चहाचा घोट घेत म्हणाला. "आता अर्ध्या सेकंदात उत्तर येतं. नाशिक रोड, वणी, सगळं तपासलंय मी."

"पेठच्या आतलं एक तरी गाव टाकून बघितलंत, सर?"

"तिकडून कितीसे फोन येणार?"

तृप्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कितीसे! पाड्यासाठी एसटी मागायला डेपोत गेलेल्या तिच्या वडिलांनाही हेच ऐकवलं होतं. आता ज्या कोडसाठी ती पगार घेत होती, त्यातही तेच लिहून ठेवलं होतं.

"फाटे सोडायचे तर सोडा की! पण रस्ता कच्चा म्हणून नका सोडू. एका वाटेत लागून गेलेल्या गावात पुन्हा शिरू नका. आणि समजा तासाभराची एक वाट आधीच सापडली असेल, तर तासाच्या वर गेलेली दुसरी वाट तिथेच टाका. एवढं केलं तरी वेळ वाचतो."

"पण कच्च्या रस्त्याने गाडी जाईल, याची खात्री कोण देणार?"

तृप्तीने पाय पुढे केला. चपलेवर लाल धुळीचा थर होता.

"आज सकाळी काळी-पिवळी जीपमध्ये चौदा जणं कोंबून त्याच रस्त्याने आलेय मी."

रविराज चपलेकडे बघत राहिला. मग तो खुर्चीवरून उठला. तृप्तीने बसून ती ओळ खोडली, आपल्या दोन अटी घातल्या आणि करंजपाडा टाकला.

मार्ग सापडला. बहात्तर मिनिटं.

"तीन सेकंद लागले," रविराज पुटपुटला. "अडीच जास्त."

"सविता थांबेल तेवढं," तृप्ती म्हणाली.