सतरा नंबरचा दिवा

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. माझी जात आता संपत आली. मी एक जुना टेलिफोन बोर्ड आहे, शाळेच्या बाकाएवढा रुंद. अंगावर चाळीस बटणे आणि प्रत्येक बटणाच्या डोक्यावर एक इवला दिवा. समुद्रापलीकडच्या एका देशातल्या मांता बंदरात मासळी गोठवण्याचा एक कारखाना आहे, तिथे मी एकोणचाळीस वर्षे काढली. कारखान्यात कुणीही फोन उचलला की माझा एक दिवा लागायचा आणि माझ्यासमोर बसलेली बाई विचारायची, कोण हवंय?

ती बाई म्हणजे एर्मेलिंदा किहीहे. आली तेव्हा दोन वेण्या घालायची, गेली तेव्हा डोके पांढरे झाले होते. तोंडाने फटकळ, हाताने चपळ. मालकालासुद्धा सांगायची की जरा थांबा, लाइन काही तुमच्या एकट्याची नाही.

आता माझ्या सतरा नंबरच्या दिव्याविषयी सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याचीच आहे. तो दिवा अमोनियाच्या खोलीचा. अमोनियाच्या जोरावर मासळी गोठते, पण तोच वायू गळला तर माणसाचा श्वास कोंडतो. त्या खोलीत यंत्रांपाशी एकटाच माणूस असतो. फार पूर्वी तिथे एक जण गुदमरून गेला आणि पाळी संपेपर्यंत कुणाला पत्ताही लागला नाही. त्यानंतर एर्मेलिंदाने कुणाला न विचारता एक रीत घातली. त्या खोलीतल्या माणसाने दर तासाला फोन उचलायचा आणि लगेच खाली ठेवायचा. बोलायचे काही नाही. सतराचा दिवा लुकलुकला की समजायचे, माणूस धड आहे.

गेली बावीस वर्षे तो माणूस होता विल्फ्रिदो पाचाय. त्याच्या धाकट्या मुलीची एर्मेलिंदा धर्ममाता, त्यामुळे दोघांत थट्टा चालायची. दिवा लुकलुकला की ती स्वतःशीच पुटपुटायची, "आहे मेला जिवंत," आणि पुढच्या कामाला लागायची. एकदा तास उलटला तरी दिवा लागेना. तिने दहा मिनिटेही वाट पाहिली नाही, तोंडावर मुखवटे चढवलेली माणसे धाडली. विल्फ्रिदो अमोनियाच्या नळाखाली बेशुद्ध पडला होता. बरा झाल्यावर तो घरून पातेलेभर वीचे, म्हणजे शेंगदाणे घातलेले मासळीचे सार, घेऊन आला, सगळ्यांना वाढले आणि खांद्यावरच्या रुमालाने मला पुसून काढले. मित्रांनो, तेवढा मान मला नंतर कधी मिळाला नाही.

मग इंजिनियर अंचुंदिया आमचे व्यवस्थापक झाले. माणूस वाईट नव्हता, उगाच खोटे कशाला बोलू? शिस्तीचा होता. त्यांनी ठरवले की फोन, निरोप, पडद्यावरच्या बैठका, सगळे एकाच यंत्रणेत हवे आणि ते संगणकावर आणि मोबाईलवर चालायला हवे. तीन कंपन्यांची माणसे बोलावली. भिंतीवर मोठा तक्ता लावला. आवाज किती स्पष्ट, बिघडले तर किती तासांत दुरुस्त, शिकायला किती सोपे, दर फोनमागे महिन्याचे भाडे किती. प्रत्येक रकान्याला गुण. मीही त्या तक्त्याकडे पाहत बसायचो. चाळिशीला टेकलेल्या म्हाताऱ्याचे नाव त्यात नव्हते, ते बरोबरच होते.

पहिल्या आणि तिसऱ्या कंपनीची माणसे बैठकीच्या खोलीतच बसली. सुंदर चित्रे दाखवली, पान दे युका नावाचे चीजचे पाव खाल्ले, हात मिळवले. दुसऱ्या कंपनीची मारिक्रूस इंत्रियागो मात्र पायातले बूट ओले करत सगळा कारखाना हिंडली. माझ्यापाशी येऊन उभी राहिली तेव्हा नेमका सतरा लुकलुकला. तिने विचारले, "हे काय होतं?" एर्मेलिंदाने सांगितले. मारिक्रूसने ते लिहून घेतले आणि आपल्या प्रस्तावात दोन ओळी जास्तीच्या घातल्या. अमोनियाच्या खोलीला वेगळा तारेचा फोन, आणि त्याच्याकडे बघायला एक माणूस. त्या दोन ओळींमुळे तिचे भाडे वाढले आणि तक्त्यात ती तिसरी आली.

भाडे फोनमागे, म्हणून कुठला फोन किती चालतो ते अंचुंदियांना हवे होते. सहा महिन्यांचा हिशोब एर्मेलिंदानेच काढून दिला. लाइन जोडली तरच तो कॉल. नुसता उचलून ठेवलेला फोन मी कधी मोजलाच नाही. मला तसे बनवलेच नव्हते. सतरासमोर शून्य आले.

"साहेब, हे शून्य दिसतंय खरं, पण तसं नाही ते," ती म्हणाली.

"एर्मेलिंदाबाई, शून्याला आणखी काय म्हणायचं? विल्फ्रिदोकडे मोबाईल आहे ना?"

खोलीत रेंज येत नाही, हे तिने सांगितले. पुढे कधी आत गेलो की बघू, असे ते म्हणाले. आपली नोकरी वाचवायला म्हातारी सबबी सांगते आहे, असे त्यांना वाटेल म्हणून ती गप्प बसली. आयुष्यभर फटकळ असलेली बाई नेमकी तेव्हाच भिडस्त झाली, याचा मला आजही राग येतो.

सर्वांत जास्त गुणांच्या कंपनीची यंत्रणा बसली. नव्याचे नऊ दिवस छान गेले. एर्मेलिंदाला केक कापून निरोप दिला. मला तिथेच भिंतीला सरकवले आणि वर चादर टाकली. खोलीत रिकामे खोके येऊन पडले. सतराची तार कुणी कापली नाही, कारण त्या शून्यामुळे ती नव्या कुठल्याच यादीत नव्हती, आणि माझी बॅटरीही तशीच राहिली. जाताना एर्मेलिंदा विल्फ्रिदोला बजावून गेली होती की आता बघायला कुणी नाही, मोबाईल जवळ ठेव. पण आत रेंज नसल्याने तो मोबाईल दाराबाहेर खुंटीला अडकवायचा. आणि दर तासाला सवयीने जुना फोन उचलून ठेवायचा. चादरीखाली माझा दिवा लुकलुकायचा. मी एकटाच बघायचो.

गुरुवारी दुपारी बंदराची वीज गेली. नवी यंत्रणा मुकी झाली. पंधरा-वीस मिनिटांनी माझा सतरा लागला, आणि या वेळी विझला नाही.

"ताई," तारेतून आवाज आला. मग खोकला. "दाराकडे गेलं तर श्वास घेववत नाही. ताई, आहात का?"

मित्रांनो, माझ्याकडे चाळीस दिवे आहेत आणि एकही हात नाही. मी नुसता दिवा लावून राहिलो. तो आणखी दोनदा एर्मेलिंदाचे नाव घेऊन बोलला. मग नुसता गळत्या वायूचा फूत्कार ऐकू येत राहिला, आणि मग तोही थांबला.

पाळी बदलताना तो सापडला. दुसऱ्या दिवशी एर्मेलिंदा अंत्यविधीच्या काळ्या कपड्यांतच कारखान्यात आली. अंचुंदिया मागे उभे. तिने खोके बाजूला केले, चादर ओढली. सतरा जळतच होता.

"हा कधीपासून लागलाय?" तिने विचारले. ती माझ्यासमोर बसली नाही. चालत अमोनियाच्या खोलीत गेली, लोंबकळणारा फोन तिने जागेवर ठेवला, आणि इकडे माझा दिवा विझला.

सोमवारी भंगारवाला मला न्यायला येणार आहे. माझ्यासाठी काही मागत नाही, माझे दिवस झाले. तुम्ही मोठे व्हाल, चार वस्तूंची तुलना कराल, तक्ते मांडाल. जरूर मांडा. पण जिथे शून्य दिसेल तिथे एकदा चालत जा आणि आत कोण बसले आहे ते बघून या. आणि कुणी फोन उचलून काही न बोलता खाली ठेवला, तर तो कॉल मोजा.