करड्या चौकोनातली आई

सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या त्या फ्लॅटमध्ये फ्रिजपेक्षा मोठी वस्तू एकच होती, ती म्हणजे वल्लरीचं वेळापत्रक. तिच्या खोलीची अख्खी भिंत त्याने व्यापलेली. लाल चौकोन म्हणजे आजच्या आज. केशरी म्हणजे या आठवड्यात. हिरवा म्हणजे मजा. आणि करडा म्हणजे जमेल तेव्हा.

फेब्रुवारीत इंग्रजी कथास्पर्धेत तिचा पहिला नंबर आला आणि पोरीला पंखच फुटले. शाळेचं मासिक, डिबेट, स्वतःची नवी कादंबरी, वर अभ्यास. वय पंधरा, पण "मी सध्या फार बिझी आहे" हे एखाद्या मंत्र्याच्या थाटात सांगायची. आता तर शाळेने तिला चक्क भाषणाला बोलावलं होतं. जूनची सुट्टी संपली की दोनशे धाकट्या मुलींना तिने सांगायचं होतं, लिहिणाऱ्या माणसाने वेळ कसा काढावा!

करड्या चौकोनात काम एकच होतं. आईचं टायपिंग.

आई, म्हणजे मेधा, तुआसच्या एका केमिकल कारखान्यात इंजिनिअर. सकाळी सहा वीसला ब्लॉकखालून कंपनीची बस, पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. तिला एक पुस्तक लिहायचं होतं, आपल्या वडिलांवर. ते भुसावळला रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारे. पण बसमध्ये मान खाली घातली की तिला मळमळायचं, आणि घरी आल्यावर कुकर, कपडे मान वर करू देत नसत. म्हणून ती खिडकीशी बसून फोनमध्ये हळू आवाजात बोलायची आणि ते बोलणं वल्लरीला पाठवायची. शेजारच्या सीटवरच्या चिनी बाईंना वाटायचं, काय गुणाची मुलगी, रोज आईला फोन करते! वल्लरीने ते ऐकून मराठीत टाइप करायचं, असा मायलेकींचा करार होता. फेब्रुवारीपर्यंत अशी आठ प्रकरणं झाली होती.

मार्चच्या सुरुवातीला आजोबा गेले. आईला पाच दिवसांची रजा मिळाली. भुसावळहून परतली आणि दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा बसमध्ये होती, बोलत होती. आधी पाच-दहा मिनिटांचे निरोप यायचे, आता वीस-वीस मिनिटांचे येऊ लागले. जाताना एक, येताना एक. न ऐकलेल्या निरोपांचे ठिपके वल्लरीच्या फोनवर साठत गेले.

"वलू, ऐकलंस का गं कालचं?" आई भाजी चिरता चिरता विचारायची.

"आई, या वीकमध्ये डिबेट आहे. नेक्स्ट वीक, प्रॉमिस."

"बरं बरं. पण एकदा कानावरून तरी घाल. नंतर मला मेलीला काय आठवणार आहे?"

"फोनमध्ये आहे ना सगळं! फोन तुझ्यासारखा विसरत नाही, लाह." वल्लरी शेवटी सिंगापुरी शेपूट जोडायची.

"हो बाई, तुझा फोन हुशार." आई हसायची. "पुढच्या मार्चमध्ये बाबांच्या स्मृतिदिनाला भुसावळला बुद्धवंदना होईल, तेव्हा पुस्तक त्यांच्या फोटोपुढे ठेवायचंय मला. तेवढं झालं की झालं."

पुढचा आठवडा आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. आईने हळूहळू विचारणं सोडलं, बोलणं मात्र सोडलं नाही.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी वल्लरी भाषणाच्या स्लाइड करायला बसली. तिला एक झकास कल्पना सुचली. 'इतकं सगळं सांभाळून मी माझ्या आईचं मराठी पुस्तकसुद्धा टाइप करते!' शाळेतल्या मॅडम खुर्चीतून पडल्या असत्या. सोबत निरोपांच्या लांबलचक रांगेचा फोटो टाकावा म्हणून तिने आईचं चॅट उघडलं आणि वर वर सरकवत नेलं. जून, मे, एप्रिल. तेवीस मार्च.

त्याच्यावर एकदम डिसेंबर.

मध्ये एकच बारीक ओळ होती. या चॅटमधले मेसेज नव्वद दिवसांनी आपोआप पुसले जातील.

वल्लरीने ती दोनदा वाचली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी फोन भरला म्हणून तिने मोठ्या उत्साहाने साफसफाई काढली होती. सगळ्या चॅटना एकाच झटक्यात नव्वद दिवसांची मुदत लावून टाकली होती. तेव्हा आईचा निरोप ती दुसऱ्या दिवशी टाइप करून मोकळी व्हायची. नव्वद दिवस म्हणजे अख्खं आयुष्य वाटलं होतं.

आता रोज सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक निरोप गळत होता. आईच्या फोनमधूनसुद्धा. आई भुसावळहून परतल्यानंतरचे पहिले दोन आठवडे गेले होते, जवळजवळ सहा तासांचं बोलणं. तिने उरलेलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. मग त्यातला सगळ्यात जुना निरोप लावला.

बसची घरघर. मग आईचा आवाज, नेहमीपेक्षा खाली गेलेला.

"हं. तर शुक्रवारी सांगितलं ना वलू, शिट्टीचं, तिथूनच पुढे. आता तुला कळलं असेल, त्या दिवशी सगळे रडत होते आणि मी का नाही रडले ते. तर तीच शिट्टी..."

वल्लरीने निरोप बंद केला. तिला काहीच कळलं नव्हतं.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाळलेल्या कपड्यांची काठी आत ओढत होती.

"आई, शिट्टीचं काय होतं गं?"

आईचा चेहरा असा उजळला, की वल्लरीला तो पाहवेना. "ऐकलंस? अगं, ते सांगताना मी कुठे आहे याचंही भान नव्हतं मला. कंपनी आली तरी बसून! ड्रायव्हर अंकलनी हाक मारली तेव्हा उतरले. कसं वाटलं, सांग ना."

खोटं बोलणं सोपं होतं. गोष्टी रचण्यात तर ती पहिली आली होती. पण तिने सगळं खरं सांगून टाकलं, एका दमात, मान खाली घालून.

आईने काठीवरचा एक शर्ट काढला. त्याच्या बाह्या सरळ केल्या, पुन्हा सरळ केल्या.

"ती ओळ दिसली होती मला जानेवारीत," ती म्हणाली. "म्हटलं, वलूने केलंय ना, मग बरोबरच असेल."

त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"तू परत सांग ना! मी आत्ता लिहिते, आत्ताच्या आत्ता. लाल चौकोन, आई!" वल्लरीने पळत जाऊन लॅपटॉप आणला. आई ओट्याशी स्टूल ओढून बसली. तिने घसा खाकरला.

"बाबांकडे एक पितळी शिट्टी होती."

वल्लरीने टाइप केलं.

"शेवटी शेवटी ती त्यांच्या उशाशी असायची." आई थांबली. खालून मुलांच्या सायकलींच्या घंट्या ऐकू येत होत्या. "आणि मग... मग त्यांनी..." तिने मान हलवली. "होती गं एक शिट्टी."

"सांग ना, आई. मी थांबते. कितीही वेळ."

"तेव्हा ते आपसूक येत होतं वलू. बाबांना जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. आता आठवायला बसले की नुसती माहिती येते. ते नाही येत." तिने वल्लरीच्या गालावरचं पाणी ओढणीने पुसलं. "राहू दे. तुझं भाषण आहे ना? ते आधी कर."

संध्याकाळी वल्लरीने ती स्लाइड काढून टाकली. मग लाल पेन घेऊन करडा चौकोन रंगवायला लागली. दोन हात दिले तरी खालचा करडा दिसतच राहिला.

सोमवारी ती सव्वापाचला उठली आणि आईबरोबर खाली गेली.

"तू कशाला आलीस गं झोप मोडून?"

"अशीच. बसमध्ये आज बोलशील ना? मी लगेच ऐकेन. फोन हातातच ठेवते."

"बघते," आई म्हणाली.

बस आली. आई नेहमीच्या खिडकीशी बसली. दिवे लावलेल्या बसमध्ये ती काचेतून स्वच्छ दिसत होती. सवयीने तिने फोन काढला, ओठांपाशी नेला. ओठ थोडे उघडले. बस वळेपर्यंत वल्लरी टाचा उंच करून पाहत होती. आईने फोन खाली घेतला, पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.