प्रमुख पाहुणे येईपर्यंत

फोर्ट पोर्टलच्या आमच्या विद्यापीठात बायोफिल्मवर परिषद भरवायची, ही अक्कल माझीच. मी कबाहेंदा, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. परिषदेची सचिवही मीच, म्हणजे शिव्या खायचा मान माझा.

सगळा आटापिटा न्याकाना सरांसाठी होता. अठरा वर्षं हा माणूस इस्पितळातून रुग्णांच्या लघवीच्या नळ्या गोळा करत होता. नळीच्या आत जंतू जमून असा चिकट थर, म्हणजेच बायोफिल्म, धरतात की औषधंही हात टेकतात. ते थर सरांनी शेकडो कुप्यांत गोठवून ठेवले होते. पहिली कुपी त्यांच्या बायकोच्या नळीतली. ती त्याच जंतूंनी गेली.

फ्रीझर एकच, आणि तो आचके देत होता. नवा मिळायची आशा आम्ही सोडून दिली होती. प्रिटोरियाच्या डॉ. मोलेपोंकडे मोठी जंतुपेढी होती, सरांच्या कुप्या तिथं सुखरूप राहिल्या असत्या, पण नियम कडक. काम समक्ष ऐकल्या-पाहिल्याशिवाय त्या सही करणार नव्हत्या. मोठ्या मिनतवारीनं त्या एका दिवसासाठी आल्या. रात्रीचं विमान एन्टेबेहून, त्यामुळे दुपारी एकला गाडीत बसणं भाग होतं. नऊला राज्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन आणि दहाला सरांचं भाषण, असा कार्यक्रम मी छापला. तिथंच माती खाल्ली.

दहा वाजून गेले तरी मंत्र्यांचा पत्ता नाही. त्यांचा माणूस फोनवर एकच सांगे, "निघालेच!" प्रमुख पाहुणे आल्याशिवाय आमच्याकडे माईकला कुणी हात लावत नाही. लग्न असो, शाळेचं संमेलन असो, लोक बसून राहतात.

सर माझ्या खुर्चीशी आले. आमच्याकडे प्रत्येकाला घरचं एक लाडकं नाव असतं; सर मला अकीकी म्हणायचे, मी त्यांना अराली. "अकीकी, मी बोलून घेऊ का गं? बाई समोर रिकाम्याच बसल्यात."

"अहो अराली, उद्घाटनाआधी? कुलगुरू मला उभी चिरतील!"

"जंतूंना कुठं कळतंय उद्घाटन झालं की नाही ते."

"मंत्र्यांना कळतं ना! बसा बघू गप. येतीलच आता."

सर हसले आणि कागद मांडीवर ठेवून बसले.

बारा वाजता मोलेपोबाई म्हणाल्या, "प्रयोगशाळेत तरी नेता का? अर्धा तास पुरे." मी कुलगुरूंकडे पाहिलं. त्यांनी डोळे वटारले. मंत्री आले आणि पहिली रांग रिकामी दिसली तर? मी बाईंना सांगितलं, "दहाच मिनिटं, मॅडम." हे मी तीनदा सांगितलं. खोटारडी मेली!

एकला बाई उठल्या. सरांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नक्की येते."

"या, या," सर म्हणाले. फ्रीझरला वर्ष निघणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मंत्री अडीचला आले. देशाचं राष्ट्रगीत आणि मग आमच्या प्रदेशाचं गीत झालं, प्रार्थना झाली, हजर असलेल्या प्रत्येक बड्याचं नाव घेऊन नमस्कार झाले. मग मंत्री तासभर रस्ते आणि पर्यटन यांवर बोलले. मग जेवण, कच्च्या केळ्यांचं मटोके आणि बकऱ्याचं मटण. सव्वाचारला सर उभे राहिले तेव्हा सभागृहात मी होते, दोन विद्यार्थी होते आणि खुर्च्या उचलणारी माणसं होती. सरांनी पडद्यावरचं एकही चित्र गाळलं नाही.

परिषदेनंतर पाचव्या आठवड्यात फ्रीझर गेला. शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी प्रयोगशाळेचं दार उघडलं तर पाणी दारापर्यंत आलेलं. वितळलेल्या कुप्या ठेवणं धोक्याचं, म्हणून सगळ्या ऑटोक्लेव्हच्या वाफेत शिजवून टाकायच्या. मी टोपल्या भरत होते. पहिली कुपी सरांनी माझ्या हातातून घेतली, हातमोज्यानं लेबल पुसलं आणि स्वतः आत ठेवली.

"तुझं काही चुकलं नाही, अकीकी," ते म्हणाले. "पाहुणे यायचेच होते ना."

मी झाकण आवळत राहिले. चुकलं, अराली. दहा वाजता माईक माझ्यासमोर टेबलावरच होता. तो उचलून तुमच्या हातात द्यायचा होता, बस्स.