परीक्षितचा नंबर

देवपुजारींच्या घरात स्मार्टफोनची गरज वयाबरोबर वाढत गेली होती. परीक्षित एकतीस वर्षांचा, इंजिनियर, आणि त्याच्या खिशात बटणांचा फोन. त्याची आई शशिकलाबाई साठीच्या पुढे, आणि चार्जर सापडला नाही की त्यांचा रक्तदाब वाढायचा. वडील नरहरराव त्याहून मोठे. सकाळी पलंगावरून उठण्याआधी ते फोन हातात घ्यायचे, देवाऐवजी त्यालाच हात जोडायचे तेवढे बाकी होते.

परीक्षितचं कारण साधं होतं. मंडीदीपच्या ज्या कारखान्यात तो होता, तिथे कॅमेऱ्याचा फोन गेटवर जमा करावा लागे, आणि सुटल्यावर तो परत घेण्याच्या रांगेत कंपनीची बस हुकायची. चार वेळा हुकल्यावर त्याने बटणांचा फोन आणि नवा नंबर घेतला आणि जुना फोन, जुन्या नंबरासकट, आईच्या हातात ठेवला. लग्नासाठी वाटलेल्या बायोडेटावर तोच जुना नंबर छापला होता, हे त्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून एका संध्याकाळी शशिकलाबाईंच्या हातात मेसेज पडला. "नमस्कार. मी तन्वी खेडकर, कोटरा सुल्तानाबाद. तुमचा बायोडेटा मिळाला."

"अरे, मुलीचा मेसेज आलाय!" त्या ओरडल्याच.

"आई, कल ऑडिट आहे यार," परीक्षित म्हणाला. "तूच लिही ना काहीतरी माझ्या नावाने."

शशिकलाबाईंना 'काहीतरी लिही' म्हणणं म्हणजे मांजराला 'दुधाकडे जरा लक्ष ठेव' सांगणं. त्यांनी लिहिलं. तिकडून उत्तर आलं. मग दीड महिना रोज संध्याकाळी येत राहिलं. नरहररावांच्या कानात इअरफोन, मुलगा उशिरा येऊन जेवून झोपणार, अशा घरात 'आज काय विशेष?' असं विचारणारं कुणीतरी निघालं होतं. स्थळ जमावं असं शशिकलाबाईंना वाटतच होतं. पण त्याहून जास्त, हे बोलणं थांबू नये असं वाटत होतं. स्थळ मोडलं की नंबर पुसून टाकायचा, हा लग्नाच्या बाजाराचा नियम त्यांना पाठ होता.

रविवारी मुलगी आणि तिची आई बाग सेवनियाला देवपुजारींच्या घरी येणार असं ठरलं, तेव्हा नरहरराव म्हणाले, "अगं, दीड महिना तू त्या पोरीशी काय बोललीस ते परीक्षितला सांग तरी. परीक्षा त्याची आहे."

"हवापाण्याचं बोललो हो. त्यात काय सांगायचं?"

मायलेकी आल्या. पोहे-जलेबी पुढे आली. शशिकलाबाईंना राहवेना.

"तन्वी, परवा बेसन करपलं म्हणालीस. मग केलेस का पुन्हा लाडू?"

तन्वी जलेबी तोडता तोडता थांबली. "लाडू? काकू, मला धड चहा येत नाही."

तिची आई, सुलभाबाई, घाईघाईने परीक्षितकडे वळल्या. "तुमचं मात्र कौतुक वाटतं हो. आईचे पाय दुखतात म्हणून रात्रीची भांडी तुम्ही घासता!"

परीक्षितने आधी आईकडे, मग बापाकडे, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. "कौन, मैं?"

नरहररावांना पोह्यांचा ठसका लागला.

तन्वीने बशी सावकाश खाली ठेवली. "आई, सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास होत नाही म्हणून मी माझा फोन तुझ्याकडे दिला होता ना?"

"आणि काय म्हणाली होतीस? परीक्षा होईपर्यंत स्थळांचं तू बघ. मग मी बघितलं!"

"म्हणजे दीड महिना आपलं दोघांचं जे चाललं होतं..." परीक्षित म्हणाला.

"त्यात आपण नव्हतोच," तन्वी म्हणाली, आणि दोघं इतकी हसली की शशिकलाबाईंना आपल्या मुलाचे सगळे दात पुष्कळ वर्षांनी दिसले.

"चल, एक चक्कर मारून येऊ," तो म्हणाला. "एकदा स्वतः भेटून बघू." आणि ती दोघं निघूनही गेली. त्याचा फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला. तिच्याकडे तर नव्हताच.

मागे दोन आया उरल्या.

"फसवलंत हो तुम्ही," सुलभाबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"भांड्यांचं वाचून मी रडले होते. खरंच रडले."

"खोटं नाही लिहिलं मी," शशिकलाबाई पडल्या आवाजात म्हणाल्या. "त्याने घासावीत असं मला वाटायचं. आणि 'लग्नानंतर सासूबाईंना नर्मदेवर घेऊन जाईन, आम्ही दोघीच जाऊ' असं कुणी लिहिलं होतं?"

सुलभाबाईंनी पर्सचा बंद उगाच ओढला. "आमच्या तन्वीला माझ्याबरोबर कोपऱ्यावर यायला वेळ नसतो. म्हटलं, लिहिण्यात तरी जाऊ दे."

हिशेब स्पष्ट होता. दोघींनी मिळून एक गुणी मुलगा आणि एक गुणी मुलगी घडवली होती, आणि ती एकमेकांवर लट्टू होती. अडचण एवढीच की ती दोघं जगात नव्हती. जी होती, ती फिरायला गेली होती.

तास गेला. चहा दोनदा झाला.

"करा आता मेसेज," नरहरराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!"

ती दोघं परत आली तेव्हा त्यांच्या हातात अर्धे खाल्लेले भुट्टे होते.

"काकू, मी सगळं खरं सांगून टाकलं," तन्वी म्हणाली. "स्वयंपाक येत नाही, आणि निवड झाली तर पोस्टिंग पार लांब झाबुआला मिळालं तरी जाणार."

"मी पण सांगितलं. घोरतो, आणि भांडी घासत नाही."

"मग?" दोन्ही आया एकदम म्हणाल्या.

"मग काही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा भेटतोय."

"तर मग मी तन्वीला मेसेज करून वेळ—" शशिकलाबाईंनी सुरुवात केली.

"नाही!" दोघं एकदम म्हणाली. "वेळ ठरली, जागा ठरली," परीक्षित म्हणाला. "आणि आता आमच्या नावाने एक अक्षर लिहायचं नाही."

शशिकलाबाईंनी सुलभाबाईंकडे पाहिलं. त्यांचाही चेहरा उतरलेला.

"म्हणजे... आमचं बंद?" सुलभाबाईंनी विचारलं.

"अहो काकू, स्वतःच्या नावाने लिहा ना," परीक्षित म्हणाला. "किसने रोका है?"

हे मात्र दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं.

पाहुण्या गेल्यावर दिवेलागणीला शशिकलाबाईंनी फोन उघडला. त्या नंबरावर अजून परीक्षितचा गॉगल घातलेला फोटो होता. त्याच्या आडून कसं लिहायचं? त्यांनी स्वतःचा फोटो शोधला. कुणाच्या बारशात होत्या, कुणाच्या मुंजीत, कुणाच्या तरी खांद्यामागे होत्या. एकटीचा असा एकही नव्हता.

"अहो, ते कानातलं काढा. माझा एक फोटो काढून द्या."

"कशाला? स्थळाला पाठवायचाय?"

"हो," शशिकलाबाई म्हणाल्या, आणि निऱ्या सारख्या करून खिडकीपाशी उभ्या राहिल्या. "नीट काढा. मागे वाळत घातलेले कपडे दिसायला नकोत."