एका कार्डाएवढं अंतर

दसऱ्याला आईनं ताईच्या सायकलची जी पूजा केली, तशी अख्ख्या सोसायटीत कुणाच्या फोर व्हीलरचीसुद्धा झाली नसेल. हँडलला झेंडूचा हार, सीटवर आपट्याची पानं, हळद, कुंकू, अक्षता. एवढ्यावर थांबली असती तर ती आई कसली! सायकलच्या पुढच्या चाकाला मधोमध एक चकचकीत, भोकाभोकांची पोलादी चकती होती. ब्रेक दाबला की दोन छोटे पॅड त्या चकतीला दोन्हीकडून चिमटीत धरायचे आणि सायकल थांबायची. आईला हे कुठलं माहीत असायला? तिला ती सायकलवरची सगळ्यात देखणी जागा वाटली. तेलात कुंकू कालवून तिनं चकतीवर ठसठशीत स्वस्तिक काढलं आणि वर दोन थेंब तेल जास्तीचं सोडलं.

"चाक सुरळीत फिरू दे, नि माझी पोर वेळेवर घरी येऊ दे," असं पुटपुटलीसुद्धा.

धाकटी अपेक्षा तेव्हा सोनं वाटत खालच्या मजल्यांवर हुंदडत होती. तिला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्लासला जाताना हडपसरच्या मंडईपाशी तिनं पुढचा ब्रेक दाबला, तर तो किंचाळला. नुसता किंचाळलाच, थांबवायचं नाव नाही. मागचा ब्रेक दाबेपर्यंत सायकल मेथीच्या जुड्यांत घुसली होती.

"ए पोरी," भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "घंटी हाय का तुतारी?"

एरवी अपेक्षानं चार शब्द परत केले असते. दहावीला आल्यापासून ती कुणाचं ऐकून घेत नसे. पण आज ती वाकून चकतीवरचं तेलकट कुंकूच बघत राहिली, कारण ही सायकल ताईची होती.

राजनंदिनीताई मगरपट्ट्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. नोकरी लागल्यावर तिनं हौसेनं घेतलेली पहिली वस्तू म्हणजे ही डिस्क ब्रेकची सायकल. फेब्रुवारीत ती ऑनसाइट गेली, जर्मनीला. जाताना किल्ली अपेक्षाच्या हातावर ठेवून म्हणाली होती, "दिवाळीला येते. भाऊबीजेला दोघी सिंहगडावर जाऊ, सायकलनं. चढायला रडशील, पण उतरताना काय मजा येते बघ! तोवर माझी सायकल आणि तू, दोघी मला जशाच्या तशा सापडल्या पाहिजेत."

त्या दोघींना भाऊ नव्हता. भाऊबीजेला त्या एकमेकींनाच ओवाळायच्या. तेव्हापासून अपेक्षाच्या कॅलेंडरवर एकच तारीख होती. आणि आता तो सिंहगडचा उतार आणि हा तुतारी ब्रेक!

"आई, तू ब्रेकची पूजा केलीस?"

"तो ब्रेक आहे होय? मग बरंच झालं. बाकीचं नुसतं पळतं. थांबवतो तोच ना?" आई म्हणाली. मग लेकीचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "बिघडलं का गं काही?"

"होईल नीट," म्हणून अपेक्षानं दप्तर खाली ठेवलं.

शनिवारी मागच्या ब्रेकच्या भरवशावर ती हळूहळू शनिवार पेठेत पोचली, ताईनं जिथून सायकल घेतली होती त्या महिपतीकाकांच्या दुकानात. काकांनी चष्मा कपाळावर चढवून चकतीकडं पाहिलं.

"वा. आरती झाली का?"

"काका, आईला माहीत नव्हतं."

"ब्रेकला देवपण आलंय आता. तो कशाला तुमच्या हाकेला थांबतोय?" काकांनी एक बाटली आणि स्वच्छ फडकं पुढं सरकवलं. "घे, कर."

"मी?"

"मग कोण? माझे हात वंगणाचे. चकतीला बोट जरी लागलं तरी पुन्हा किंचाळणार. मग तू पुन्हा येणार, आणि मला ते सोसवणार नाही."

अपेक्षानं साबणानं हात धुतले. स्पिरिटनं चकती पुसली. एकदा, दोनदा, कुंकवाचा शेवटचा तांबूस डाग जाईपर्यंत. मग पॅड काढून सँडपेपरवर घासले. तेल पिऊन काळे पडलेले पॅड हळूहळू राखाडी दिसायला लागले. पुन्हा बसवल्यावर चाक फिरवलं तर आता एका बाजूनं खर्र, खर्र, खर्र.

"एक पॅड घासतोय," काका म्हणाले. "ब्रेकचे ते दोन बोल्ट सैल कर. आता मध्ये घालायला काहीतरी पातळ, पण ताठ हवं. व्हिजिटिंग कार्ड आहे?"

होतं. दप्तरातल्या कंपासपेटीत, पट्टीच्या खाली. ताईचं नाव, खाली सॉफ्टवेअर इंजिनिअर. ताईनं जाताना उरलेलं एकच कार्ड तिला दिलं होतं. सगळ्या परीक्षांना ते तिच्याबरोबर बसलं होतं.

"दुसरं काही नाही चालणार?"

"लग्नपत्रिका चालेल. आहे का तुझी?"

अपेक्षा खुदकन हसली, आणि कार्ड पॅड आणि चकतीच्या मध्ये सरकवलं. काकांनी सांगितलं तसा एका हातानं ब्रेक दाबून धरला, दुसऱ्या हातानं बोल्ट कसले, थोडा हा, थोडा तो. मग ब्रेक सोडून कार्ड ओढलं. ताईच्या नावावरून एक काळी रेघ गेली होती.

"अगदी चिकटलं की घासतं," काका दुसऱ्याच सायकलशी बोलल्यासारखे म्हणाले, "आणि फार लांब गेलं की वेळेला धरत नाही. एका कार्डाएवढं अंतर बरोबर. फिरव."

चाक फिरलं. आवाज नाही. घरी जाताना ती विनाकारण पंधरा वेळा थांबली.

धनत्रयोदशीला आठ दिवस उरले असताना संध्याकाळी ताईचा फोन आला. आई चकलीची भाजणी चाळत होती. फोन स्पीकरवर होता.

"आई, प्रोजेक्ट वाढलाय. मार्चपर्यंत सोडत नाहीयेत."

चाळणी थांबली. मग आई म्हणाली, "बरं. थंडीचं कानाला बांधत जा," आणि पुन्हा चाळायला लागली, आधीपेक्षा जोरात.

अपेक्षा फोन घेऊन खाली पार्किंगमध्ये गेली. इतके दिवस ताईला सांगायच्या गोष्टी तिनं मनात रांगेनं लावल्या होत्या. आता ती नुसतीच सायकलच्या कुलपात किल्ली फिरवत राहिली.

"अपू, चिडलीस?"

"नाही." तिनं नाक पुसलं. "ताई, एक ऐकवते. थांब हं."

तिनं एका हातानं हँडल उचलून सायकलचं पुढचं चाक अधांतरी धरलं, पायानं जोरात फिरवलं आणि फोन चकतीजवळ धरला.

"ऐकू आलं?"

"नाही गं. रेंज गेली का? काहीच येत नाहीये."

"तेच तर! आईनं कुंकू लावून तुझ्या सायकलचा ब्रेक बिघडवला होता, मी दुरुस्त केला. मी स्वतः! चाक फिरतंय, पण जरासुद्धा घासत नाही."

पलीकडून ताईचा ओला आवाज आला, "अजून फिरतंय?"

"हो."

"आत्ता?"

"अजून."

अपेक्षाचं बोट ब्रेकवर होतं. नुसतं टेकलेलं. तिनं ते दाबलं नाही.

"अजून?"

"अजून."